झंझावात हल्ली उडत नाही

झंझावात हा सुपरहिरो ज्यांनी पहिल्यांदा कागदावर उतरवला, ते चित्रकार आता पंचाहत्तरीला आले होते. झंझावात मात्र तिशीतच अडकून बसला होता. प्रकाशनाने विशेषांकासाठी एक पान काढायला बोलावलं तेव्हा ते ठेवणीतला शर्ट घालून निघाले. बायकोही निघाली. तिचा हक्कच होता. कॉमिकच्या फुग्यांमधली सगळी अक्षरं तिच्याच हातची होती.

संपादक तरुण होता, नम्र होता.

"सर, तुमचा झंझावात फारच साधा होता," तो म्हणाला. "चोर दिसला की ठोसा. आम्ही त्याला खोली दिली."

"भाड्याची?" बायकोने विचारलं.

संपादक हसला नाही. खोली म्हणजे काय ते त्याने समजावून सांगितलं. झंझावात आतापर्यंत तीनदा मेला होता, दोनदा दुसऱ्या विश्वातून परत आला होता आणि वडिलांशी त्याचं पटत नव्हतं. लाल-पिवळा पोशाख जाऊन काळा आला होता, काळ्यावर काळाच पट्टा. उडणं त्याने सोडलं होतं. पोरकट दिसतं म्हणे.

"मग करतो काय?" चित्रकारांनी विचारलं.

"गच्चीवर बसतो. विचार करतो."

"आणि खाली चोर?"

"चोराचीही एक बाजू असते ना, सर."

घरी आल्यावर चित्रकारांचा पारा चढला. "आमच्या वेळी दोन पानांत अख्खं धरण वाचायचं!"

"वाचायचं की," बायको म्हणाली. "आणि त्या दोन पानांत तुमची ती वार्ताहर मुलगी काय करायची? 'वाचवा!' वर्षानुवर्षं मी तिच्या तोंडी तेवढंच लिहिलं. निदान आता ती पूर्ण वाक्यं तरी बोलते."

ते गुमान टेबलाशी जाऊन बसले.

गच्चीवर बसलेला झंझावात त्यांनी काढला, पण चेहरा काही जमेना. ठोसा मारतानाचा चेहरा त्यांना डोळे मिटूनही यायचा. या विचार करणाऱ्या चेहऱ्यावर दुःख आहे, चिंता आहे की अपचन, तेच ठरेना. शेवटी वैतागून त्यांनी चेहरा कोराच ठेवला आणि पान धाडून दिलं.

संपादकाचा फोन आला. "सर, ही पोकळी! तोड नाही!"

अंक सहा वेगवेगळी मुखपृष्ठं घेऊन निघाला. आतला मजकूर सगळ्यांत एकच. सह्यांच्या कार्यक्रमाला दुकानात रांग लागली. टक्कल पडू लागलेले बाप्ये, प्रत्येकाच्या हातात सहाच्या सहा अंक, प्लास्टिकमध्ये सीलबंद.

"सही वरूनच करा, काका. उघडू नका," पहिलाच म्हणाला.

"मग वाचणार कधी?"

"वाचायचा नाही हो, ठेवायचा."

त्याच्याबरोबर त्याची लहान मुलगी होती. ती अंकाकडे हात नेत होती आणि बाप तो झटकत होता. चित्रकारांच्या बायकोने एक अंक उचलला, टर्रकन प्लास्टिक फाडलं आणि मुलीच्या हातात दिला.

"अहो काकू! वाट लावलीत!" बाप किंचाळला.

मुलीने पानं उलटली. "हा नुसता का बसलाय?"

संपादक पुढे सरसावला आणि पहिल्या मरणापासून सांगू लागला. तो दुसऱ्या विश्वापर्यंत पोहोचेस्तोवर मुलगी सरकता जिना बघायला निघून गेली होती. चित्रकारांना इतकं हसू आलं की हातातली सही वाकडी झाली.

पुढच्या अंकाला त्यांनी नकार दिला. मग संपादकाने बायकोला विचारलं, वार्ताहर मुलीची वेगळी मालिका लिहाल का? ती खुर्चीतच ताठ झाली. लगेच हो म्हणाली.

"एकच आहे, मॅडम. तिसऱ्या अंकात ती मरते. झंझावाताला दुःख हवं ना."

"मग त्यालाच मारा. त्याला सवय आहे."

वरच्यांना विचारून सांगतो, म्हणाला. वरचे अजून विचार करताहेत. बायकोने मात्र चार अंक लिहूनही काढलेत. मुलगी धडधाकट आहे, सारखी बोलते, नको तिथे नाक खुपसते. चित्रं नवराच काढतोय, आणि तिचं नाक कसं असावं यावरून दोघांची रोज जुंपते.