परक्या देशाची दोन अक्षरं

परदेशातल्या हॉटेलच्या खोलीत मामाचा घसा बसला, तोही ऐन स्पर्धेत. हौशी रेडिओवाल्यांची स्पर्धा म्हणजे ठरल्या वेळात जगभरातल्या जास्तीत जास्त लोकांशी संपर्क जोडायचा, आणि मामाच्या तोंडून तर नुसता वारा येत होता. त्याने हेडफोन काढून सरळ भाचीच्या डोक्यावर चढवला. रेडिओचा परवाना तिला नुकताच मिळालेला.

"म्हणे फिरायला नेतो," बाल्कनीत अँटेनाची तार कठड्याला आवळणारी मामी म्हणाली. "मी तारा बांधायच्या, हिने बोंबलायचं."

भाची मात्र सुसाट सुटली. शाळेत फळ्यासमोर ततपप करणारी हीच का ती, असं मामीला वाटेपर्यंत तिने लॅपटॉपवर नोंदींची रांग लावली. तेवढ्यात मामाने कपाळावर हात मारला. परक्या देशातून बोलताना आपल्या कॉलसाइनच्या, म्हणजे परवान्यावरच्या ओळखीच्या अक्षरांच्या, आधी त्या देशाची दोन अक्षरं लावायची असतात. ही घरी घोकलेली नुसतीच कॉलसाइन सांगत होती. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या लेखी ती घरीच बसलेली, आणि इतका वेळ केलेलं सगळं पाण्यात.

भाचीचं तोंड एवढंसं झालं. मामाने या स्पर्धेसाठी वर्षभर एकही रजा घेतली नव्हती. त्याने खुणेनेच सांगितलं, झालं ते झालं, पुढचे नवे घे. मामीचंही तेच म्हणणं पडलं, कुणाला काय कळतंय.

"ज्यांनी माझी चुकीची नोंद केली त्यांचेही गुण कापले जातील, मामी," भाची म्हणाली. "चूक माझी, आणि भुर्दंड त्यांना?"

ती पाणी प्यायली, तिने पाठ ताठ केली आणि दोन अक्षरं ठणकावून लावत चूक कबूल केली. मग नोंद दुरुस्त करायला जुन्या एकेकाला नावानिशी हाक मारायला लागली. बरेच जण हसत परतले. लांबच्या बेटावरचा एक म्हातारा तेवढा येईना. अधूनमधून त्याची खरखर ऐकू यायची आणि बुडायची. नवे लोक घोळका करून हाका मारत होते, वेळ सरत होता. तिने सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि पुन्हा पुन्हा त्यालाच बोलावलं.

शेवटी तो उगवला. आधी तू नक्की कुठे आहेस ते घरच्यांना विचारून ये, म्हणाला. तिने एकेक अक्षर सावकाश सांगितलं. त्याने ते तसंच परत म्हणून दाखवलं.

मामाने वेळ मोजायला टेबलावर ठेवलेलं घड्याळ उचलून खिशात टाकलं. भाचीने खुर्ची पुढे ओढली आणि ताटकळलेल्या घोळक्याला विचारलं, "हं, आता कोण?"