बेबीचे हिरवे टोमॅटो

लग्न झालं तेव्हा बेबीनं पन्नाशी ओलांडली होती, तरी तिला सगळे बेबीच म्हणत. नोंदणीच्या कचेरीत साहेबांनी तिचं खरं नाव पुकारलं, तेव्हा वहिनीसुद्धा क्षणभर इकडेतिकडे बघायला लागली, ही कोण बाई म्हणून.

वहिनी म्हणजे बेबीच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ तरुणपणीच गेला. लोक म्हणाले, आता या दोघी कसल्या एकत्र राहतात! नणंद-भावजय, मध्ये ना नवरा ना मूल. चार दिवसांत एकमेकींच्या झिंज्या उपटतील. पण दोघी राहिल्या, आणि राहता राहता केस पांढरे झाले तरी झिंज्या जागच्या जागी होत्या. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून, बेडरूमची खिडकी उघडी ठेवायची की लावायची. ते मात्र रोज व्हायचं.

वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, काड्या गरम करून गिऱ्हाइकाच्या कानामागे बसतील अशा वाकवायच्या. एकदा तिच्या दुकानात एक क्रेनवाला आला. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला, बायको वारलेली, उंचापुरा माणूस. "जन्मभर उंचावरून लांबचं बघितलं, आता ताटातलं दिसत नाही," असं तो म्हणाला तेव्हा वहिनी मनापासून हसली. बोलता बोलता कळलं की त्याला नळाची कामंही येतात. घरचं सिंक तुंबलेलंच होतं. वहिनीनं त्याला रविवारी बोलावलं. सिंक मोकळं झालं, पण तो पुढच्या रविवारीही आला आणि त्याच्या पुढच्याही. आता सिंकमध्ये काही अडकलेलं नव्हतं. अडकला होता तो स्वतःच, बेबीत.

बेबी सासरी गेली तेव्हा उन्हाळा सरत आला होता. मागच्या अंगणात तिनं लावलेली टोमॅटोची झाडं नुकती कुठे लगडायला लागली होती. दोन बसगाड्या बदलून जावं लागेल इतक्या लांब तिचं नवं घर. आधी रोज फोन यायचा, मग दोन-चार दिवसांनी, मग वहिनीनंच करायचा. बोलणंही कसं, तर घाईचं, पाहुण्याशी बोलल्यासारखं. वहिनीला घर खायला उठायचं. दूध दोघींचं यायचं आणि नासायचं. खिडकी आता तिच्या मनासारखी घट्ट लावलेली असायची, पण त्यात काही गंमत उरली नव्हती. एकदा अंथरुणावर पडल्या पडल्या ती म्हणाली, "बघ, लावली हं मी!" आणि स्वतःचाच आवाज ऐकून कुशीवर वळली.

थंडी त्या वर्षी लवकर आली. आज रात्री दंव गोठणार, असं दुपारी रेडिओवर सांगितलं. वहिनी दुकानातून लवकर निघाली आणि कोट न काढताच अंगणात गेली. झाडांवर टोमॅटो लटकले होते, टणक, हिरवेगार, एकालाही लाली नाही. रात्रीत सगळे काळे पडून गळले असते. तिनं आधी बेबीला फोन लावला.

"बेबी, अगं तुझे टोमॅटो. आज दंव गोठणार म्हणतात."

मागे कुणीतरी हसत होतं, टीव्ही चालू होता. "मग टाकून दे ना, वहिनी. कशाला जिवाला त्रास करून घेतेस?"

"टाकून देऊ?"

"हो गं. एवढं काय त्यात? बरं, ठेवू का? गॅसवर आहे काहीतरी."

वहिनी फोन हातात धरून उभी राहिली. दर वर्षी शेवटचे हिरवे टोमॅटो बेबी स्वतः तोडायची, त्यांचं व्हिनेगरमधलं लोणचं घालायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. एकही फळ वाया जाऊ द्यायची नाही. आणि आता म्हणते, टाकून दे! वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, मग राग आला. तिनं बादली घेतली आणि उजेड होता तोवर झाड अन् झाड ओरबाडलं.

आता लोणचं घालायचं म्हणजे पंचाईतच होती. इतकी वर्षं तिनं फक्त बरण्या धुतल्या होत्या. व्हिनेगर-पाण्याचं प्रमाण बेबीच्या हाताला ठाऊक. पुन्हा फोन करून विचारायचं? मेले तरी नाही, असं म्हणत तिनं बरण्या उकळत्या पाण्यातून काढल्या. टोमॅटोचे देठ कोरून फोडी केल्या; सुरी लावली की करकर वाजायचं, कच्च्या पेरूसारखं. प्रत्येक बरणीत लसणाच्या पाकळ्या, मिरीचे दाणे, थोडी मोहरी, वरून फोडी दाबून भरल्या. पातेल्यात जेवढं व्हिनेगर तेवढंच पाणी, मीठ आणि साखर घालून उकळी आणली. त्या वाफेनं नाकात असा काही झणका बसला की तिला एक खिडकी उघडावीच लागली. ते उकळतं व्हिनेगर-पाणी फोडींवर ओतलं तशा त्या हिरव्यागार फोडी बघता बघता फिक्या झाल्या. निवल्यावर झाकणं लावून तिनं बरण्या फ्रीजमध्ये ठेवल्या. बेबी गेल्यापासून रिकामे पडलेले दोन्ही कप्पे भरले.

दोन दिवसांनी तिनं ओट्याशी उभ्या उभ्या पावाबरोबर एक फोड खाल्ली. आंबट ढाण! साखर कमी पडली होती. तरी तिनं आणखी एक खाल्ली. लोणचं वाईट नव्हतं, पण एकट्या बाईनं किती खायचं? एक बरणी दुकानाच्या मालकाला दिली. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या लोणच्यानं डोळे असे मिटतात की गिऱ्हाइकाला चष्माच नको." सगळे हसले, तीही हसली. घरी आली तेव्हा फ्रीज उघडून बराच वेळ बघत बसली.

शेवटी रविवारी एक बरणी पिशवीत घालून ती बसमध्ये बसली. कळवलं नव्हतं.

दार क्रेनवाल्यानं उघडलं. "अरे, वहिनी! या, या!" बेबी आतून हात पुसत आली, थबकली, मग पुढे होऊन तिनं वहिनीला मिठी मारली, पण लगेच सोडली. जेवायला बसल्यावर क्रेनवाल्यानं लोणच्याचा फडशाच पाडला. "वहिनी, जमलंय हं!" बेबीनं एक फोड चाखली. "साखर कमी आहे," एवढंच म्हणाली.

खाली वाकून जेवताना क्रेनवाल्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. वहिनीला राहवेना. वाकडी काडी म्हणजे तिच्या डोळ्यांत कुसळ. "आणा इकडे," म्हणत तिनं सरळ त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, काडी गरम चहाच्या कपात बुडवली, वाकवली, परत त्याच्या कानामागे बसवून दोन्ही बाजूंनी बघितली. रोज दहा जणांना करायची तसंच. मान वर केली तर बेबी एकटक तिच्याकडे बघत होती, चेहरा पार उतरलेला.

स्टॉपवर पोहोचवायला बेबी एकटीच आली. बसचा पत्ता नव्हता.

"वहिनी, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"ते तुला आवडले होते ना? आधी तुझ्याकडेच आले होते. तूच घरी आणलंस. आणि मी... म्हणून मला फोनवर बोलवत नाही गं. तुझा आवाज ऐकला की चोरी केल्यासारखं वाटतं."

वहिनीला हसूच फुटलं. "अगं वेडे! मी त्यांना सिंकसाठी आणलं होतं."

"खरं सांग."

"खरंच सांगते. माझ्या घरातून कुणी काही चोरून नेलंच असेल ना, तर ते त्यांनी नेलंय."

बेबीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं वहिनीचा हात धरला आणि बस येऊन दार उघडेपर्यंत सोडला नाही. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, चढायचंय की नाही?" तशी वहिनी चढली.

त्यानंतर बेबीचे फोन पुन्हा येऊ लागले, लांबलचक, मोकळे. महिन्यातून एखाद्या रविवारी ती यायचीही. पहिल्यांदा आली तेव्हा वहिनी सकाळपासून कानोसा घेत होती. फाटक वाजलं, पायऱ्यांवर ओळखीची पावलं वाजली. वहिनी हातातलं काम सोडून दाराकडे बघत राहिली, आता कुलपात किल्ली फिरेल म्हणून. पर्समध्ये किल्ली असूनही बेबीनं बेल वाजवली आणि वहिनी दार उघडेपर्यंत पायपुसण्यावर उभी राहिली.