हाताचं माप

मी मक्याचे दाणे काढणारी मशीन बोलतेय. चालू झाले की चार घरं पलीकडे ऐकू जाते, म्हणून मला धीट समजू नका. मी जन्माची भित्री आहे. माझ्या पोटात लोखंडी दात फिरतात आणि माझ्या तोंडाशी माणसांची बोटं असतात. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचीही झोप उडाली असती.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे घरापुढची पत्र्याची शेड. तो खिडक्यांच्या जाळ्या करायचा. मक्याचे दाणे काढून काढून त्याच्या बायकोची बोटं सोलवटायची. ती त्याच्यापुढे हात नाचवत म्हणायची, "अहो, जगाच्या खिडक्या करता, माझ्यासाठी काहीतरी करा की!" शेवटी तो हलला. जुन्या नळाच्या तुकड्यावर सळईचे दात जोडून त्याने माझा रूळ केला. सांगाडा मोडक्या खाटेचा, मोटर कुणाच्या तरी बंद पडलेल्या वॉशिंग मशीनची. माझं स्वतःचं म्हणावं असं माझ्या अंगावर काहीच नाही.

त्याच्याकडे नकाशा नव्हता. टेप होती, पण ती कधी सापडायची नाही. म्हणून कणसं टाकायचं पत्र्याचं लांबट तोंड करताना त्याने बायकोलाच बोलावलं. "हात घाल आत. अजून घाल. खांदा टेकव." तिची बोटं जिथे संपली, त्यापुढे चार बोटं जागा सोडून त्याने रूळ बसवला.

"आता कितीही घाईत हात घाल," तो म्हणाला, "दात तुला लागायचे नाहीत."

ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

कणीस अडकलं की ती चालू मशीनमध्ये खुशाल हात घालून ढकलायची. मका घेऊन आलेल्या बायका किंचाळायच्या आणि तिला तेच हवं असायचं. "बघा, खांद्यापर्यंत घातला. झालं का काही?" हळूहळू माझं नाव झालं. वेल्डरने त्याच मापाच्या आणखी मशिनी केल्या आणि बाजारात नेऊन विकल्या.

मग तिची आई आजारी पडली. माहेरी जाताना तिने मला धाकट्या जावेच्या हवाली केलं. धाकटी खूप उंच. घरात तिला सगळे शिडी म्हणतात आणि तीही हसून घेते. ती वाकून शेडमध्ये आली, माझी नजर तिच्या हातांवर गेली आणि मला धडकीच भरली.

"अडकलं की हात घाल," थोरली तिला शिकवत होती. "लाकूडबिकूड शोधत बसू नकोस. भ्यायचं काही कारण नाही गं, मी रोज घालते."

मी सांगणार तरी कसं? मला एकच आवाज काढता येतो, आणि त्याला सगळे सरावलेले असतात.

त्या दिवसापासून मी एकच ध्यास घेतला, अडकायचं नाही. मी अडकले नाही तर हात आत येणार नाही. कणीस आडवं येवो की तिरपं, मी जीव खाऊन ओढायची. धाकटी म्हणायची, "काय गुणाची मशीन आहे!" गुण कसले! माझी पाचावर धारण बसली होती.

एका दुपारी कुणीतरी नीट न वाळलेला मका आणला. ओलसर कणसं दातांत रुतून बसली. रूळ कण्हत होता, पण फिरत होता. धाकटीने बाही वर सारली. नको गं, नको, नको! तिची बोटं खाली खाली येत गेली. मोटर जाळून घ्यायचीही माझी तयारी होती, पण मोटर माझं ऐकते थोडीच? एका दाताला तिचं नख लागलं.

तिने झटक्यात हात ओढला. मधल्या बोटाचं निम्मं नख उडालं होतं. बोट फडक्यात धरून ती भिंतीला टेकून खाली बसली. मला बंद करायचंही तिला सुचलं नाही. मी तशीच धडधडत राहिले.

थोरली परत आली. "बोटाला काय झालं गं?"

"सुरी लागली."

का खोटं बोलली? थोरलीला कधीच काही होत नाही, म्हणजे वेंधळेपणा आपलाच, असं तिला वाटलं. वर लोक हसणार ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी थोरली माझ्यापुढे उभी राहिली. कणीस अडकलं. तिने हात घातला.

"जाऊबाई, नको!" धाकटी अशी किंचाळली की वेल्डर हातातलं काम टाकून धावत आला.

"अगं, मला नाही लागत कधी."

"मला लागलं ना पण!" आणि तिला रडू कोसळलं.

वेल्डरने विजेच्या बोर्डातून माझी पिन काढली. "बंद आहे. आता हात घाल बघू," तो धाकटीला म्हणाला. तिने डोळे मिटून हात घातला. खांदा टेकायच्या आधीच तिची बोटं माझ्या दातांना लागली. "मी माप एकट्या हिच्याच हाताचं घेतलं," वेल्डर म्हणाला.

त्याच दिवशी त्याने माझं तोंड हातभर वाढवलं आणि ढकलायला एक दांडा साखळीने बांधून टाकला. सुटले एकदाची, असं मला वाटलं. तेवढ्यात थोरली म्हणाली, "अहो, आणि त्या बाजारात विकलेल्या?"

"उभ्या उभ्या विकल्या. कुणी नेल्या, कुठे नेल्या, काय ठाऊक?"

आता दोघी जावा दर बाजाराला जातात आणि दिसेल त्याला विचारतात. काही मशिनी सापडल्या. बाकीच्यांचा पत्ता नाही.

माझ्या त्या बहिणी आत्ताही कुठेतरी चालू असतील, आणि त्यांच्यापुढे कुणीतरी बाही वर सारत असेल. या विचाराने माझा थरकाप होतो. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. तुमच्याकडे अशी मशीन असेल, तर आधी तिची पिन काढा. घरात ज्याचे हात सगळ्यांत लांब, त्याला बोलवा आणि आत हात घालायला सांगा. बोटांना लोखंड लागलं, तर तिला पुन्हा चालू करू नका. आम्हाला आपणहून थांबता येत नाही.