अलकाच्या कॉम्प्युटरचं नाव

पांढुर्ण्याच्या संत्रा-आडतीत हेमराज कॉम्प्युटर सांभाळायचा, आणि सौंसरच्या शाखेत अलका. दोघांच्या मधे तासाभराची बस आणि एक नावं सांगणारा सर्व्हर. त्याला आकड्यांचा पत्ता द्या, तो कॉम्प्युटरचं नाव सांगणार. सौंसरच्या पत्त्यांची यादी अलकाकडे होती. पांढुर्ण्याचा सर्व्हर तिथं विचारून यायचा आणि हेमराजला सांगायचा.

अलकानं काय करावं? रोज सकाळी आपल्या कॉम्प्युटरचं नाव बदलावं! सोमवारी 'चहा-फिका-झाला', मंगळवारी 'निळा-शर्ट-नको'. नाव वाचून हेमराज असा लालबुंद व्हायचा, की एकदा म्हणे गोदामातली हिरवी संत्री त्याला पाहून लाजेनं पिकली. एका शुक्रवारी नाव आलं, 'रविवारी-येतो-का'. हा गडी घाबरला. गेला नाही.

नेमका सोमवारी जुना सर्व्हर बसला. हेमराजनं नवा लावला, सौंसरला विचारायची ओळ टाकली आणि पहिल्यांदा अलकाचा पत्ता विचारला. उत्तर आलं, 'असं कोणी नाही.' दुसऱ्या दिवशीही तेच. महिन्यानंही तेच.

"पुसलं पोरीनं नाव," मुनीम केशवराव म्हणाले. "रुसली. फोन कर न बाप्पा!"

"कायले करू? उत्तर तर देऊन राहिली रोज."

तीन महिने त्यानं रोज विचारलं. जेवताना घास हातात राहायचा. सौंसरची बस दिसली की खिडक्या मोजायचा.

मग एक दिवस सौंसरचा प्रिंटर अडला. हेमराजनं त्याचा पत्ता विचारला. 'असं कोणी नाही.'

"काहून रे," केशवराव म्हणाले, "तो प्रिंटरही रुसला का तुह्यावर?"

हेमराज ताडकन उठला. सर्व्हर सुरू होताना ओळींची जी लांबलचक रांग दाखवतो, ती त्यानं पहिल्यांदा वाचली. सर्व्हरच्या पोटात काही झोन, म्हणजे पत्त्यांचे कप्पे, जन्मजात असतात. कोणी न लिहिता. कॉम्प्युटरनं स्वतःचाच पत्ता देऊन 'मी कोण?' विचारलं तर तो बाहेर न जाता 'तूच तू' म्हणतो. दहापासून सुरू होणारे घरगुती पत्ते तर जगात घरोघरी तेच ते. त्यांची चौकशी बाहेर जाऊन उगाच गर्दी नको, म्हणून नव्या सर्व्हरमध्ये त्यांच्यासाठी रिकामे झोन; जुन्यात ते नव्हते. त्यातलं काही विचारलं की हा कोणालाही न विचारता आपणच सांगून मोकळा, 'असं कोणी नाही.' आडतीचे सगळे पत्ते दहाचेच. हेमराजची ओळ 'जमलं तर तिकडे विचार' अशी ढिली होती. रिकाम्या झोननं तिला जुमानलंच नाही.

म्हणजे तीन महिन्यांत सौंसरला एकदाही कोणी विचारलं नव्हतं.

त्यानं ओळ घट्ट केली, 'तिथंच विचार.' अलकाचा पत्ता टाकला. नाव आलं.

'सौंसर-७'. नुसतं शाखेचं नाव आणि आकडा.

त्यानं फोन लावला.

"अलका, सर्व्हर तुले विचारतच नव्हता. मले आज समजलं."

"बरं."

"तू नावं ठेवत होती का?"

"दीड महिना ठेवली."

"काय काय?"

"आता सांगू? रोजचं रोज पुसलं जाते ते," अलका म्हणाली. "सर्व्हर विचारत नव्हता, मान्य. फोनले काय झालं होतं तुह्या?"

हेमराजनं पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

"सौंसर-७ नाव बदलत नाही का?" त्यानं हळूच विचारलं.

"बदलायले एक मिनिट लागते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्यानं लगेच विचारलं. 'सौंसर-७'. पुन्हा विचारलं. तेच. मग त्याला आठवलं, सर्व्हर एकदा ऐकलेलं उत्तर तासभर धरून ठेवतो, तोवर नवं विचारत नाही. धरलेलं पुसता आलं असतं. एक आज्ञा दिली की झालं. त्यानं बोट उचललं आणि तसंच मागं घेतलं.

"केशवराव, मी चाललो."

"कुठी?"

"विचारायले," हेमराज म्हणाला, आणि स्टँडवरून सुटत असलेल्या सौंसरच्या बसमागं धावत सुटला.