परदेशासाठी छापलेला नंबर

तेहतीस वर्षं मी बनारसच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. बाहेरगावचा फोन लागत नाही म्हणून बोंबलत आलेल्या प्रत्येकाला एकच सांगितलं, आधी शून्य लावा, भैया. नंबरांच्या बाबतीत मला कुणी अक्कल शिकवायची नाही, ही माझी घमेंड.

आमचा मुकुल माझ्याशी भांडून जर्मनीला गेला, त्याला नऊ वर्षं झाली. मग आम्ही संकठा घाटाजवळचं घर सोडलं, फोन नंबर बदलला. मी त्याला कळवला नाही. लतिका, माझी बायको, अंथरुणाला खिळली तेव्हा एकच म्हणायची, "एकदा त्याचा आवाज ऐकवा हो."

पुतणी रुचानं तिकडचं मराठी मंडळ शोधून काढलं. ते आपल्या पत्रकात निवेदन छापणार होते. मी लिहून दिलं: मुकुल, आई फार आजारी आहे, फोन कर. खाली प्लस ९१, मग शून्य, मग बनारसचा कोड पाचशे बेचाळीस आणि आमचा घरचा नंबर.

"काका, विदेश से लगाना हो तो ज़ीरो हटाते हैं," रुचा म्हणाली.

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी नंबर लावतोय. गप बस."

तसंच छापलं. लतिका फोनकडे तोंड करून पडून असायची. वाजला की डोळे उघडायची, आणि निघायचा गॅसवाला. बाराव्या दिवशी ती गेली. आदल्या संध्याकाळी म्हणाली होती, "नाहीच केला ना त्यानं." मी म्हटलं होतं, "दगड आहे तो."

दहाव्याचं सगळं पंचगंगा घाटावर उरकून घरी आलो. रुचानं पत्रक उघडलं आणि छापलेला नंबर जसाच्या तसा मोबाइलवर लावला. शेजारी आमचा फोन गप्प. मोबाइलमधली बाई म्हणाली, नंबर गलत है. रुचानं छापलेल्या शून्यावर बोट ठेवलं. मला काही वाटलं नाही, खरं सांगतो. पार बधिर झालो होतो. तिनं शून्य काढून मंडळाला कळवलं, मी चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"बाबा? रोज लावत होतो हो, लागतच नव्हता. आज मंडळाच्या सेक्रेटरींनी बरोबर नंबर दिला. आधी आईला द्या ना."

"थांब," मी म्हणालो. तिच्या बहिणीचा फोन आला की असंच म्हणायचो आणि तिला उठवून बसवायचो. रिसीव्हर घेऊन खाटेपाशी गेलो. गादी गुंडाळलेली होती. उघड्या फळीवर रिसीव्हर ठेवला आणि शेजारी बसलो.

"आई?" तो म्हणत होता. "आई, मी बोलतोय."