कुणीही विचारायचं नाही

माझा मुलगा मत्तन मेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दक्षिणेत, बंडवाल्यांच्या गुहेखाली, रोमी शिपायाच्या भाल्यानं. तरी गालीलातल्या आमच्या यहुदी गावाच्या लेखी तो जिवंतच. सून शप्पीरा तेविसाव्या वर्षी ना सवाष्ण ना विधवा. गावातला कुंभार तिच्यासाठी थांबला होता, पण साक्षीवाचून लग्न कसं लागणार?

"एकाची साक्ष पुरे, बाईचीही चालते," गावचे पंच योएझर म्हणाले. "फक्त सासूची नाही. सुनेला फसवायला सासू खोटं सांगेल, असं शास्त्र धरून चालतं."

"अहो, तिची वेणी रोज मी घालते!"

"मला ठाऊक आहे. शास्त्राला नाही."

मत्तन पडला तेव्हा माझ्यासोबत एकटा मल्खोस होता, सीरियाचा खेचरवाला. बंडवाल्यांसाठी अंजिरं घेऊन आम्ही गेलो होतो.

"परक्या धर्माचा चालेल," योएझर म्हणाले, "पण विचारल्यावर बोलला तर बाद. आपणहून, गप्पांच्या ओघात निघालं तरच."

मल्खोस पुन्हा गावात आला तेव्हा मी त्याला जेवायला बोलावलं आणि ऐकून पंचांना सांगायला शेजारच्या तबिताला बसवलं. "बये, एक शब्द विचारलास तर जीभ छाटीन."

"नुसतं ऐकायचं? मी? जन्मात जमलंय का मला?"

मल्खोस तीन वाडगे मसूर जेवला. खेचराच्या खुरांवर बोलला, तेलाच्या भावावर बोलला. तबिता ओठ चावत बसली. मध्येच तो काहीतरी बोलायला जाई, माझ्याकडे बघे आणि भाकरी मोडायला लागे. भला माणूस. आईसमोर पोराचं मरण कोण काढेल?

हे ध्यानात यायला मला उशीरच झाला. मी घागर उचलली. "पाणी आणते."

"अगं, भरलेली आहे की ती!" तबिता म्हणाली. मी डोळे वटारले.

भिंतीमागे उभी राहिले. मग मल्खोसचा हलका आवाज आला.

"बिचारी. पोराच्या छातीत भाला, तरी उठायला बघत होता. ही ओरडली असती तर आम्हीही गेलो असतो. मी तोंड दाबून धरलं हिचं. तो निपचित पडेस्तोवर. हाताला चावली माझ्या."

आत तबिता हुंदके देऊ लागली. एवढ्यात शप्पीरा सरपण घेऊन आली.

"आई, इथे काय उभ्या राहिलात?"

"मल्खोस बोलला गं. तू विधवा झालीस."

तिनं मोळी टाकली. सुतक धरायची परवानगीही आजच मिळाली होती तिला. आमच्यात मेलेल्यासाठी अंगावरचं वस्त्र फाडतात; तिचा हात झग्याच्या गळ्याकडे गेला.

"थांब, जुना घालून ये," मी म्हणाले. "हा लग्नात लागेल."

तोवर तिनं तो फाडला होता.