पंपघरातला जिन

वाळवंटातल्या नेफ्ता गावच्या पंपघरासमोर भर दुपारी एवढी माणसं जमली होती, की कुणी परगावचा वाट चुकून आला असता तर इथे लग्न आहे असं समजून जेवायला बसला असता. पुरुष भिंतीच्या सावलीत, बायका खजुरांखाली, पोरं कुंपणावर. आत टेबलावर एक करडा संगणक होता आणि त्याच्यासमोर गंडेदोरे करणारा सिदी लझहर डोळे मिटून बसला होता. लोबानाचा धूर इतका दाटला होता की स्क्रीनही नीट दिसत नव्हता.

"परदेशी जिन आहे," सिदी लझहर म्हणाला. "अरबीत विचारलं, उत्तर नाही. फ्रेंचमध्ये विचारलं तेव्हा कुठे हुंकारला."

"कुठल्या गावचा म्हणतो?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

"गाव सांगत नाही. अपडेटच्या पाठीवर बसून आलो, म्हणतो."

गर्दीनं एकदम श्वास घेतला. अपडेट म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं, पण त्याच्या पाठीवर बसता येतं हे सगळ्यांना लगेच पटलं.

सिदी लझहरनं मनगटावरची लांबलचक जपमाळ काढली, कीबोर्डवर टाकली आणि तळहातानं ती पुढे-मागे फिरवत पुटपुटू लागला. त्या पुटपुटण्यातला एकही शब्द कुराणातला नाही, असं मशिदीतल्या इमामांनी आधीच सांगितलं होतं. पण इमामांकडे लोबान नव्हता, त्यांचं ऐकतो कोण! मणी कळांवरून खडखडत राहिले आणि थोड्याच वेळात स्क्रीन उजळला. बागेत झडपा धडधडल्या, पाटांतून पाणी सुटलं. बायकांनी जिभा नाचवून आनंदाची किलकारी ठोकली.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या नाझिहाचं तोंड उघडंच राहिलं होतं. धुरामुळे, असं तिनं नंतर सांगितलं.

नाझिहा पाणीवाटप मंडळाची अभियंता. राजधानीत शिकलेली, चष्मा लावणारी, कमी बोलणारी. दर वर्षी शाळेत ताईत-गंडे या विषयावर व्याख्यान द्यायची आणि शेवटी मुलांकडून एकसुरात म्हणवून घ्यायची, "कारण शोधा!" पंपघराच्या दारावर तिनं स्वतः सुवाच्य अक्षरांत पाटी लावली होती: 'यंत्र सुरू होताना कशालाही हात लावू नये.' पूर्वी एकदा कुणीतरी भलतीच कळ दाबून सगळ्या बागांच्या पाण्याच्या पाळ्या उलट्यापालट्या केल्या होत्या, तेव्हापासूनचा हा नियम. नाझिहा तो इतक्या निष्ठेनं पाळायची, की यंत्र सुरू होत असताना हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी बसायची.

घडलं होतं असं. राजधानीहून यंत्राच्या मूळ प्रणालीचं, म्हणजे अगदी गाभ्याचं, अपडेट आलं. नाझिहानं ते चढवलं आणि दुसऱ्या दिवसापासून यंत्र रुसलं. उन्हाळ्यात दुपारी वीज जायचीच. आली की यंत्र पुन्हा सुरू करावं लागायचं. पूर्वी पेल्यात चहा ओतेपर्यंत ते उठायचं. आता स्क्रीनवर 'वाट पाहत आहे' एवढी एकच ओळ यायची आणि यंत्र तिथेच अडून बसायचं. झडपा त्याच्याच हुकमावर उघडणार. पाळी चुकली की घडांवरचे खजूर सुरकुतायला लागणार.

तिनं तारा बदलल्या, पंखा पुसला, अपडेट पुन्हा चढवलं. राजधानीच्या कार्यालयाला फोन केला. पलीकडचा तरुण गोड आवाजात म्हणाला, "बाई, बंद करून चालू करा."

"तोच तर रोग आहे!" नाझिहा ओरडली.

"मग चालू करून बंद करून बघा."

एकदा मात्र बऱ्याच वेळानं यंत्र आपोआप उठलं होतं. त्या वेळी तिच्या खिशात निळं पेन होतं. तेव्हापासून नाझिहा निळ्या पेनाशिवाय पंपघरात पाऊल ठेवत नव्हती. बटण उजव्याच हातानं दाबत होती, तेही चष्मा पुसून झाल्यावर. हे सगळं तिनं स्वतःपासूनसुद्धा लपवलं होतं.

मग मंडळाचे अध्यक्ष हाज बूरावी यांनी सिदी लझहरला बोलावलं, आणि पुढचं वर आलंच आहे.

खरी आग लागली ती घरात. मब्रूका मावशीनं नाझिहाला लहानपणापासून वाढवलं होतं. तिला मधुमेह होता आणि रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागायची. त्या चमत्कारानंतर ती सिदी लझहरकडे गेली आणि एक बाटली घेऊन आली. बाटलीत पाणी, पाण्यात एक कागद, कागदावर रेघोट्या.

"मी सुई सोडली," मावशी शांतपणे म्हणाली.

"मावशी!"

"ओरडू नकोस. एवढं मोठं यंत्र त्याच्या हातानं उठलं. तूच तिथे होतीस ना, तोंड वासून? माझी साखर काय त्या यंत्रापेक्षा हट्टी आहे?"

"यंत्राचं काहीतरी वेगळं कारण असणार."

"काय कारण?"

नाझिहा चष्मा पुसू लागली. मावशी हसली. "सापडलं की सांग. त्याच्यावाचून तुझं यंत्र उठव, मी त्याच दिवशी सुई घेते. शब्द आहे माझा."

काही दिवसांतच मावशी पाण्याचे तांबे रिते करू लागली. तिला अंधुक दिसायला लागलं. पूर्वी परातीत रवा घेऊन ती तळहातानं कुसकुस वळायला बसायची, तेव्हा मोहरीसारखे एकसारखे दाणे पडायचे. आता गुठळ्या पडू लागल्या. नाझिहानं विनवलं, रडली, आरोग्य केंद्रातल्या नर्सला घरी आणलं. मावशीनं नर्सला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तेव्हा नाझिहानं ठरवलं की आपण प्रयोग करायचा. सिदी लझहर जे जे करतो ते ते एकेक करून बघायचं. दुसऱ्या दुपारी वीज जाऊन आल्यावर ती पंपघरात शिरली, दार लोटलं आणि लोबान पेटवला. हात नियमाप्रमाणे मांडीवर. यंत्र ढिम्म. मग तिनं पुटपुटायला सुरुवात केली. दुसरं काही आठवेना म्हणून तेराचा पाढा म्हटला.

त्याच क्षणी दार उघडून हाज बूरावी आत आले. धूर पाहिला, मिटलेले डोळे पाहिले, हलणारे ओठ पाहिले.

"अल्ला दयाळू आहे, पोरी," ते गहिवरून म्हणाले. "तुलासुद्धा वाटेवर आणलं."

"प्रयोग आहे, हाज! शास्त्रीय प्रयोग!"

"हो हो. मी कुणाला सांगणार नाही," असं म्हणत ते शेजारी बसले. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर होणार. "पण माळेवाचून कसं चालेल? ही घे माझी." त्यांनी आपली माळ कीबोर्डवर टाकली. तिचा एक मणी दोन कळांच्या फटीत अडकला. तो सोडवायला हाज ती खडखड करत इकडून तिकडे ओढू लागले.

"हात लावू नका!" नाझिहा किंचाळली.

आणि स्क्रीन उजळला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "मी?" हाज बूरावी घाबरून म्हणाले. "मी तर आज नमाजसुद्धा चुकवलाय!"

हे फारच मोलाचं होतं. हाज बूरावींच्या अंगी कसलीही सिद्धी नाही, यावर सगळ्या गावाचं एकमत होतं. नाझिहानं यंत्र बंद केलं, लोबान बाहेर फेकला, पाढा सोडला, माळ परत दिली. निळं पेनही काढून हाजच्या हाती ठेवलं. "हे कशाला?" ते म्हणाले. "विचारू नका," ती म्हणाली. मग यंत्र सुरू करून तिनं नुसत्या बोटांनी कीबोर्डवर वेडंवाकडं टकटक केलं. यंत्र उठलं. पुन्हा बंद करून हात मांडीवर ठेवले, तर उठेना. टकटक केली की उठे.

'वाट पाहत आहे.' ती ओळ इतके दिवस समोर होती आणि कशाची वाट, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिनं स्फाक्स शहरात असलेल्या आपल्या वर्गमैत्रिणीला, राझियाला, फोन लावला. राझिया असल्या यंत्रांचंच काम करायची. सगळं ऐकून ती इतकी हसली की फोन हातातून पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी वीज जाऊन आली, गर्दी जमली, सिदी लझहर माळ परजत पुढे झाला. नाझिहानं त्याच्यासाठी खुर्ची ओढली, फक्त टेबलापासून जरा लांब.

"सिदी, आज लोबान हवा तेवढा जाळा, हवं ते पुटपुटा. फक्त हात मांडीवर ठेवा."

"स्पर्शावाचून बरकत उतरत नाही, बाई."

"मग जिनाला हात लावा. जिन आत आहे ना? कीबोर्ड तर बाहेर आहे."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. सिदी लझहर पुटपुटू लागला. धूर झाला, घाम आला, यंत्र हललं नाही. त्याचा हात आपसूक कीबोर्डकडे सरकू लागला.

"सिदी, हात!" नाझिहा म्हणाली. हात मागे गेला. पुन्हा सरकला.

"सिदी, हात!" आता कुंपणावरची पोरं ओरडली.

"जिन आज रागावलाय," सिदी लझहर म्हणाला. "गर्दी फार आहे."

"मावशी, तू ये," नाझिहानं हाक मारली. "इथे बस. परातीत कुसकुस वळतेस तसा यावर तळहात फिरव."

"रवा कुठाय?"

"रव्यावाचून."

मावशी कुरकुरत बसली आणि सवयीच्या हातानं कळा वळू लागली, गोल गोल, खडखड. स्क्रीन उजळला. पाटात पाणी आलं. मग एक बाई पुढे आली आणि मावशीचा हात हातात घेऊन म्हणाली, "मब्रूका, माझा मोबाइलपण बघ गं."

"थांबा!" नाझिहा जवळजवळ रडकुंडीला आली. "ती कुणी सिद्ध नाही. ऐका. हे यंत्र झडपांशी गुप्त भाषेत बोलतं, नाहीतर कुणीही चोर दुसऱ्याचं पाणी आपल्या बागेत वळवेल. त्या भाषेची किल्ली यंत्राला दर वेळी नवी बनवावी लागते. आणि किल्ली अशी हवी की कुणाला ओळखता येऊ नये. मावशीचं बोट पुढच्या क्षणी कुठे टेकेल, हे कुणी सांगू शकेल?"

"मलाच सांगता येत नाही," मावशी म्हणाली.

"तोच बेभरवसा यंत्राला हवा असतो. जुनी प्रणाली तो पुरेसा नसला तरी पुढे जायची. नवी जात नाही, पुरेसा जमेपर्यंत थांबते. तो आपोआपही जमतो, पण फार हळू. कुणी कळा खडखडवल्या की लगेच जमतो. माळेनं, बोटानं, कशानंही."

सगळ्यांनी माना वळवल्या तेव्हा सिदी लझहर लोबानदाणी तिथेच टाकून खजुरांमागे दिसेनासा झाला होता. मावशी मात्र दारावरच्या पाटीकडे बघत होती.

"म्हणजे यंत्र इतके दिवस 'हात लाव, हात लाव' म्हणत होतं," ती सावकाश म्हणाली, "आणि तू 'हात लावू नये' अशी पाटी लावून समोर बसली होतीस?"

"हो," नाझिहा म्हणाली. दुसरं काय म्हणणार!

घरी नर्स आली. तिनं साखर मोजली, आकडा पाहून भुवया चढवल्या आणि सुई भरली. मावशीनं बाही वर केली, मग हात आखडता घेतला. "आधी सांग, ही सुई करते काय?"

"रक्तातली साखर शरीराच्या दाराशी उभी असते, मावशी. दार उघडायला किल्ली लागते. ती तुझ्या शरीरात पुरेशी बनत नाही. सुईत ती किल्ली असते."

"वरून हात फिरवून नाही चालत?"

"नाही. तिला आतच जावं लागतं."

मावशीनं सुई घेतली, कळ सोसली आणि नाझिहाकडे रोखून पाहिलं. "एवढं सोपं होतं, तर आधी का नाही सांगितलंस? इतकी वर्षं नुसतं 'घे, घे' करत होतीस. त्यानं निदान जिनाची गोष्ट तरी सांगितली."

सकाळी नाझिहानं पंपघराची जुनी पाटी काढली आणि नवी लावली: 'यंत्र अडलं तर कीबोर्डवर हात फिरवा.' खाली बारीक अक्षरांत कारण लिहिलं, सगळं, सोप्या शब्दांत. आणि जागा उरली म्हणून त्याच्याही खाली लिहिलं: 'कारण न सांगता हुकूम सोडणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मग तो लोबान घेऊन आलेला असो, की पदवी घेऊन.'